उशिरा बोलणारी मुलं मोठी झाल्यावर पुढं काय होतं?

अव्वाची_सून

लिहिणं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बालवाडीत मराठी आणि अधूनमधून इंग्रजी. इकडच्या कुठल्याही पद्मशाली घरात असतं तसंच. दोन वर्षांचा झाला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे शब्द होते. तिसऱ्या वर्षानंतर शब्द वाढले, पण वाक्य अजून तुटक. "पप्पा गाडी... तिकडं... नाही" एवढ्यात त्याला सगळी हकिकत सांगायची असते, आणि समोरच्याला कळलं नाही की आदळआपट. कानाची तपासणी झाली, बेरा (ऐकू येतं का बघायची चाचणी) नॉर्मल आला. ऑटिझम नाही असं बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघांनीही सांगितलंय. डोकं चालतं. त्याच्या मामाच्या कारखान्यात गेला की सुताचे कोन रंगाप्रमाणे वेगळे लावून ठेवतो, कुणी न सांगता.

आता मुद्दा. भेटेल तो "बोलेल की, घाई कशाला" म्हणतो. बोलेल हे मलाही दिसतंय. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. अशी मुलं दहावीला काय करतात? पंचविशीत काय करतात? त्यांना मित्र असतात का? नेटवर एकतर "आइन्स्टाइनसुद्धा उशिरा बोलला" नाहीतर झोप उडवणारं काहीतरी. मधलं कुणी सांगेल का?

दुसरं, एका डॉक्टरांनी घरातली तेलुगू बंद करा, एकच भाषा ठेवा असं सांगितलंय. मी आणि नवरा दिवसभर कामावर. मुलगा सासूबाईंजवळ असतो. त्या विड्या वळता वळता त्याच्याशी बोलतात, तेलुगूतच. मराठी त्यांना बाजारापुरती येते. मग त्यांनी काय, गप्प बसायचं?

बाळीवेशीकर

ताई, पोरगं आहे, पोरं उशिराच बोलतात. माझा पुतण्या चार वर्षं मुका गुरुजी होता. आज वकिली शिकतोय, आता त्याला गप्प करायला माणूस ठेवावा लागतो. सिद्धरामेश्वरावर भरवसा ठेवा. डॉक्टरच्या नादाला लागलात की कागद वाढतात नुसते.

वाचाताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे, याच भागात काम करते. बाळीवेशीकर, तुमचा पुतण्या खरा आहे, पण त्याच्यावरून दुसऱ्या मुलाचं सांगता येत नाही. का, ते सांगते.

दोन वर्षांचं मूल पन्नासपेक्षा कमी शब्द बोलत असेल, किंवा "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला उशिरा बोलणारं म्हणतात. अशी मुलं पुष्कळ असतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त शाळेच्या वयापर्यंत बाकीच्यांना गाठतात. पुतण्या त्यातला. अमेरिकेत लेस्ली रेस्कोर्ला यांनी अशा मुलांचा १७ वर्षांपर्यंत माग ठेवला. सतराव्या वर्षी ती मुलं चाचण्यांत सर्वसाधारण पातळीवर होती. तरीही तशाच घरांतल्या इतर मुलांपेक्षा शब्दसंपत्ती, व्याकरण आणि ऐकलेलं ध्यानात ठेवणं यांत थोडी मागे होती. नापास नव्हेत, थोडी मागे.

आणि उलटंही घडतं. मेलबर्नला शीना रायली आणि सहकाऱ्यांनी १९०० हून जास्त बाळं घेऊन मोठा अभ्यास केला. चौथ्या वर्षी भाषेची अडचण असलेल्या कित्येक मुलांचं दोन वर्षांची असताना सगळं ठीकठाक होतं. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचं भविष्य कुणी सांगू नये, मीही सांगत नाही.

पण ताई, तुमचा मुलगा साडेचारचा आहे. इथं हिशेब बदलतो. डोरोथी बिशप आणि एडमंडसन यांचा १९८७ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. भाषेची अडचण असलेली चार वर्षांची ८७ मुलं त्यांनी घेतली आणि दीड वर्ष पाहिली. साडेपाचपर्यंत ३७ टक्के मुलांची भाषा सावरली होती. पुढं १९९८ मध्ये स्टोथार्ड आणि सहकाऱ्यांनी हीच मुलं पंधरा-सोळाची असताना पुन्हा तपासली. सावरलेल्यांचं बोलणं-समजणं इतरांच्या बरोबरीचं निघालं, वाचन-लेखनात मात्र उणीव दिसली. जी साडेपाचपर्यंत सावरली नव्हती त्यांना दहावीच्या वयातही बोलणं, समजणं, वाचणं सगळीकडे जड जात होतं.

म्हणून "बोलेल की" हे उत्तर साडेचारला पुरत नाही. हे वर्ष मोलाचं आहे.

कन्ना_चौक

म्हणजे आता उशिरा बोलणं हापण आजार. आमच्या लहानपणी वर्गात असली चार पोरं असायची, कुणी थेरपीला गेलं नाही. सगळी लग्न करून पोरंबाळं घेऊन सुखात आहेत. फी किती घेता ते पण लिहा की.

खडू_फळा

कन्ना_चौक, ती चार पोरं कितवीत शाळा सोडून गेली, आठवतंय का?

मी प्राथमिक शिक्षक आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वाचाताईंनी वाचनाचं काढलं म्हणून लिहितो. आपली लिपी अशी की बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल धडा घडाघडा म्हणतं. पालक खूश, तपासायला आलेले साहेबही खूश. मग विचारायचं, "शेतकऱ्यानं बैल का विकला?" पोरगं धड्यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचून दाखवतं. अशी मुलं दुसरीपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाहीत. तिसरी-चौथीत येतात, आणि मराठीच्या तासाला नाही, गणिताच्या. बेरीज-वजाबाकी पक्की असते. "रमेशकडे सुरेशपेक्षा सात गोट्या कमी आहेत" म्हटलं की सगळं गडबडतं. "पेक्षा", "शिवाय", "खेरीज", "जोपर्यंत" या शब्दांत पोरगं अडकतं, आकड्यांत नाही. मग शेरा काय पडतो? "लक्ष देत नाही." "आळशी आहे." पाचवी-सहावीपर्यंत पोरगंच ते खरं मानायला लागतं.

मी अशा मुलाला सूचना एकदम देत नाही. "वही काढा, तारीख घाला आणि फळ्यावरचं तिसरं गणित सोडवा" यातलं त्याच्यापर्यंत फक्त तिसरं गणित पोचतं. एक सूचना, ती झाली की दुसरी. शाब्दिक उदाहरण असेल तर आधी चित्र काढायला लावतो. याला पैसे लागत नाहीत.

वाचाताई

खडू_फळा सर, हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत.

फीबद्दल: सरकारी रुग्णालयात दाखवा, खासगीच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात, आणि ते ज्या गोष्टी बघतात त्यात भाषेचा विलंबही आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय या कार्यक्रमातच आहे. खासगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का एवढं विचारा. "स्पीचचा कोर्स केलाय" म्हणणारे पुष्कळ झालेत.

आजार म्हणायचं का? पाच वर्षांच्या पुढंही अडचण राहिली, रोजच्या व्यवहारात आड आली आणि कान, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता यांनी तिचा उलगडा होत नसेल, तर तिला २०१७ पासून विकासात्मक भाषा विकार म्हणतात. थोडक्यात डीएलडी. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण ७ टक्के मुलांत सापडतो. तीस मुलांच्या वर्गात दोन. एवढी मुलं असूनही नाव कुणी ऐकलेलं नसतं, कारण ही मुलं दिसायला-वागायला चारचौघांसारखी असतात आणि वर्गात शक्यतो गप्प बसतात. आईवडिलांनी मोबाइल दिला म्हणून किंवा आई नोकरी करते म्हणून हा होत नाही. घराण्यात बऱ्याचदा सापडतो. तुमच्या किंवा मिस्टरांच्या बाजूला कुणी उशिरा बोललेलं, शिक्षणात अडलेलं आहे का, जरा चौकशी करा.

तेलुगूबद्दल ठामपणे सांगते: बंद करू नका. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. विकार असलेली मुलंही दोन भाषा शिकतात, दोन्हीकडे अडखळत का होईना. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. फक्त मराठीत मागे आणि तेलुगूत चुरुचुरु बोलत असेल तर तो विकारच नाही, मराठी कमी ऐकलीय एवढंच. म्हणून तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. थेरपिस्टला तेलुगू येत नसेल तर सासूबाईंना सोबत न्या. तुमच्याकडं दिवसभर बोलणारं माणूस घरात आहे. त्यांना गप्प करणं म्हणजे मुलाचा निम्मा खुराक बंद करणं.

अजून एक, खास आपल्या भागासाठी. बाहेरून आलेल्या तज्ज्ञानं "मी भाकरी खाल्लो", "मी काम केलो" ही व्याकरणाची चूक म्हणून मोजली असेल तर तो गुण परत मागून घ्या. इथं बोलण्यात काही अडचण नसलेला माणूसही असंच बोलतो.

बाळीवेशीकर

मग तर अख्खं सोलापूर थेरपीला न्यावं लागेल. मी काल मंगळवार बाजारात शेंगाचटणी घेतलो, आता कुठं दाखवू?

टॉवेलवाला

मी लिहू का नको विचार करत होतो. हे बायकोकडून तपासून घेतलंय.

मी २८ वर्षांचा आहे. मला लहानपणी नाव काय दिलं नव्हतं. चार वर्षांपर्यंत बोलत नव्हतो, मग बोललो, मग सगळ्यांना वाटलं संपलं. संपलं नव्हतं. शाळेत सर बोलायचे ते पहिलं वाक्य समजेपर्यंत तिसरं चालू असायचं. इतिहासात नापास, मराठीत काठावर, गणितात ऐंशीच्या वर. एका सरांनी वर्गात उभं करून विचारलं होतं की गणित कुणाचं बघून लिहितोस. दहावी दुसऱ्या झटक्यात. मग आयटीआय. तिथं बरं वाटलं, कारण तिथं हातात वस्तू देऊन दाखवायचे.

आता टॉवेलच्या कारखान्यात मशीन मेंटेनन्स बघतो. लूम बंद पडला की मालक मलाच हाक मारतो. आवाज ऐकून कुठं घासतंय ते सांगतो. पण मालकानं फोनवर पाच कामं सांगितली तर दोन राहतात. म्हणून म्हणतो, शेठ व्हॉट्सॲपवर पाठवा, एकाखाली एक. तो पाठवतो. त्याला वाटतं मी लई शिस्तीचा आहे.

अवघड काय आहे सांगतो. चारजण बसून चेष्टामस्करी चालली की मला वेग पकडता येत नाही. मी हसतो ते इतर हसले म्हणून. टोमणा मारला तर रात्री कळतो. बँकेचा फॉर्म, विम्याचा कागद बायको वाचते. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत अडकलो होतो. गाडी मी शाळेत असल्यापासून चालवतो, पण कॉम्प्युटरवर प्रश्न वाचून पर्याय टिचकवायच्या आत वेळ संपायचा. सगळ्यात वाईट मुलाखत. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की डोक्यात असतं, तोंडात येत नाही.

मित्र आहेत का विचारलंत. दोन आहेत. दोघं आयटीआयचे. रविवारी एकत्र बसतो. जास्त पाहिजेत असं वाटत नाही.

अव्वाची_सून

टॉवेलवाला दादा, मला जे विचारायचं होतं ते तुम्ही सांगितलंत. वहिनींनाही आभार कळवा.

वाचाताई

दादा, लायसन्सचं तुम्ही लिहिलंत, ते इंग्लंडमध्ये मोजलं गेलंय. जिना कॉन्टी-रॅम्सडेन यांचा मँचेस्टरचा अभ्यास आहे. भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठी तिथं खास वर्ग असतात, त्यातली ७ वर्षांची २४२ मुलं १९९० च्या दशकात निवडली आणि २४ व्या वर्षापर्यंत त्यांचा माग काढला. चोविसाव्या वर्षी त्यांच्यात ड्रायव्हिंग लायसन्स मिळवलेले इतरांपेक्षा कमी होते. शिक्षण कमी, आणि नोकऱ्या कमी कौशल्याच्या कामांत जास्त. चिंता आणि उदासीपणा इतरांपेक्षा जास्त. मैत्री जमवायला अवघड. पण दुसऱ्याला मदत करणं, समजून घेणं, सांभाळून घेणं हे गुण बहुतेकांत लहानपणापासून शाबूत राहिले. हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शाळा ते कधी मोजत नाही.

दुसरा अभ्यास कॅनडातला, ओटावाचा. जोसेफ बीचमन यांनी १९८२ मध्ये पाच वर्षांची १६५५ मुलं तपासली. १४२ जणांना उच्चाराची किंवा भाषेची अडचण निघाली. त्यांना १२, १९, २५ आणि पुढं ३१ व्या वर्षीही गाठलं. नुसत्या उच्चाराची अडचण होती ती मुलं, म्हणजे "र" ला "ल" म्हणणारी वगैरे, मोठेपणी जवळपास इतरांसारखीच निघाली. आपल्याकडं पालक धावतात ते नेमके या "र-ल" साठी, आणि समजण्याची अडचण असलेलं गप्प मूल घरीच राहतं. भाषेची अडचण असलेले शिक्षणात आणि नोकरीच्या दर्जात मागे राहिले, एकोणिसाव्या वर्षी लोकांत मिसळण्याची भीती त्यांच्यात जास्त दिसली. मात्र पंचविसाव्या वर्षी "तुमचं आयुष्य कसं चाललंय" विचारलं तर उत्तरं इतरांपेक्षा वेगळी नव्हती. घरचं माणूस, दोन मित्र आणि जमेल असं काम एवढं ज्यांना मिळालं त्यांचं बरं चाललेलं मीही पाहते.

दोन्ही अभ्यास परदेशातले आहेत. तिथल्या शाळा, तिथल्या नोकऱ्या वेगळ्या. आपल्याकडं घरचा धंदा, मामाचा कारखाना, एकत्र कुटुंब असतं, त्यानं काही जण सावरतात. आणि त्याच घरात "येड्या" म्हणून हाक मारली जाते, त्यानं काही जण खचतात.

कन्ना_चौक

बरं, थेरपीनं हे सगळं जातं का? सरळ सांगा.

वाचाताई

सरळ सांगते. सगळं जात नाही. जेम्स लॉ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरचे उपचारांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. उच्चार आणि शब्दसंपत्ती यांत फायदा ठळक दिसला. समजण्याच्या अडचणीत फायदा झाल्याचा पुरावा फार थोडा सापडला. त्यात आणखी एक गोष्ट निघाली: शिकवून तयार केलेल्या आईवडिलांनी घरी केलेलं काम आणि थेरपिस्टनं केलेलं काम यांच्या परिणामात फारसा फरक नव्हता. माझ्या धंद्याला हे परवडणारं नाही, तरी लिहिते. आठवड्यातून एकदा अर्धा तास माझ्याकडं आणून उरलेला आठवडा टीव्ही लावून दिला, तर ती फी वाया.

घरी काय करायचं? तो "पप्पा गाडी नाही" म्हणाला की "असं नाही, नीट बोल" म्हणू नका. "हो, पप्पा गाडी घेऊन गेले, म्हणून गाडी नाही" असं त्याचंच वाक्य पूर्ण करून परत द्या आणि थांबा. थांबणं लोकांना जमत नाही. प्रश्नांचा मारा कमी करा. "हे काय? ते काय? रंग कोणता?" ही परीक्षा झाली, गप्पा नव्हेत. सासूबाई विड्या वळताना पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं यातलं आधी काय, मग काय, हे बोलून दाखवू शकतात. तंबाखूला हात लावू देऊ नका, बघू द्या लांबून. झालेली गोष्ट क्रमानं सांगता येणं हे पुढच्या वाचनासाठी फार कामाचं आहे.

अव्वाची_सून

सासूबाई रात्री गोष्ट सांगतातच. त्याला एकच पाहिजे असते, रोज तीच. मला वाटायचं हे अडकणं आहे.

वाचाताई

तीच सांगू द्या. मधला एखादा शब्द सोडून थांबायला सांगा, तो भरतो का बघा. भरायला लागला की शेवट त्याला सांगू द्या, तेलुगूतच.

बाळीवेशीकर

मी चेष्टा केली तरी वाचतोय सगळं. एक विचारू? माझ्या त्या पुतण्याची धाकटी बहीण चौथीत आहे. बोलते फर्स्टक्लास, पण खडू_फळा सर म्हणाले तसं शाब्दिक गणितात रडते. उशिरा वगैरे बोलली नव्हती.

खडू_फळा

दाखवा. भाऊ उशिरा बोललेला आहे हे पण सांगा तिथं. पुढं वाचन-लेखनाची अडचण नक्की झाली तर विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, आणि दहावी-बारावीला बोर्ड जादा वेळ आणि इतर सवलती देतं. पण प्रमाणपत्रासाठी लोक दहावीचा फॉर्म भरताना धावत येतात. तोवर पोरगी पाच वर्षं रडलेली असते.

अव्वाची_सून

शेवटचा प्रश्न. नातेवाईक म्हणतात इंग्लिश मीडियममध्ये घाला, सगळ्यांची मुलं तिकडंच. मुलगा सप्टेंबरमध्ये पाच पूर्ण करेल, पुढच्या जूनला पहिलीत घ्यायला एक शाळा तयार आहे.

वाचाताई

माझं मत मराठी माध्यम. इंग्रजी त्याला शिकताच येणार नाही म्हणून नव्हे. मराठी त्याच्या गल्लीत आहे, खेळात आहे, शाळा सुटल्यावरही कानावर पडते. इंग्रजी फक्त त्या चार भिंतींत आणि तुम्हाला घरी मदत करता येणार नाही. काही थेरपिस्टांचं मत वेगळं असेल, त्यांनाही विचारा.

खडू_फळा

मीडियम काहीही घ्या, पण त्या जूनला पहिलीत नको. तेव्हा तो पावणेसहाचा असेल. कुणी म्हणेल डिसेंबरच्या आत सहा पूर्ण होतात, नियमात बसतं. बसू दे. नियमानं जागा मिळते, वर्ष मिळत नाही. एक वर्ष मोठ्या गटात आणखी राहू दे. आणि शाळा कुठली का असेना, बाईंना पहिल्या दिवशी चिठ्ठी लिहून द्या: याला एका वेळी एकच सूचना द्या, उत्तर द्यायला वेळ द्या, सगळ्यांसमोर उभं करून विचारू नका. तीनच ओळी. लांब पत्र कुणी वाचत नाही, आम्हीसुद्धा.